पाणी सोडलं, पण पोचलं का?

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की महामार्गाच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. धुळ्याहून जळगावकडे निघा. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी या सगळ्या पट्ट्यात निंबाच्या सावलीला एखादी तरी गाडी तोंड वासून उभी असतेच. आतली माणसं उतरून झाडाखाली बसलेली, लेकरं कावलेली, गाडी चालवणाऱ्याच्या हातात प्यायच्या पाण्याची बाटली. थांबणाऱ्या प्रत्येक दुचाकीवाल्याकडे एक सल्ला असतो. हा रस्ता जुन्या लोकांच्या तोंडी अजून सहा नंबरचाच आहे. सरकारी कागदांवर तो ५३ झाला, रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जाणारा पारा मात्र होता तिथेच आहे.

उन्हाचं आणि गाडीचं गणित तसं सोपं आहे. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. एक हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. ते पाणी रेडिएटरमध्ये येतं, जाळीतून वारा जातो, पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. ते किती निवेल हे पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानात फरक किती, यावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि बाहेर जानेवारीतले १५ अंश असतील तर फरक ७५ चा. मेमध्ये बाहेर ४५ झाले की फरक उरतो ४५ चा. तोच रेडिएटर, तोच पंखा आणि काम साठ टक्के. त्यात एसी चालू, मागे माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. यंत्रणेत थोडी खोट असली तरी हिवाळ्यात ती झाकून राहते आणि आखाजीला उघडी पडते.

या उन्हानं आमच्याकडच्या मिस्तऱ्यांना काही ठरलेले उपाय शिकवले आहेत. पहिला, थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकायचा. हा व्हॉल्व्ह पाणी ८०-८५ अंशांच्या वर जाईपर्यंत बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापून आपल्या कामाच्या तापमानाला येतं. "आपल्याकडे त्याची गरजच काय?" असं म्हणून तो भंगाराच्या डब्यात जातो आणि मग डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी पेट्रोल जास्त का खाते, हे कुणाला कळत नाही. दुसरा, पंखा डायरेक्ट करायचा. चावी फिरवली की पंखा सुरू, इंजिन गार असो की गरम. तिसरा, कुलंट संपलं की बोअरचं पाणी ओतायचं. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार किती, ते घरातल्या गिझरच्या कॉइलला विचारावं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच पांढरा थर बसतो आणि वर्ष-दोन वर्षांत त्या बुजतात. उपाय करणारा तोवर विसरलेला असतो. या तिन्ही उपायांचा भर एकाच गोष्टीवर आहे: उन्हाला दोष द्यायचा आणि गाडी आजच्या दिवसापुरती रस्त्याला लावायची.

आमच्या गाडीचं दुखणं उन्हाचं नव्हतं. गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवरची, एमएच-१९. रेडिएटर खालच्या अंगानं पाझरायला लागला म्हणून जळगावातल्या एका गॅरेजात तो बदलून घेतला. काम बघायला नीटनेटकं होतं. नवा रेडिएटर, नव्या क्लिपा, हिरवंगार कुलंट, बोनेटखाली फडका मारलेला, छापील बिल. शहरात चार फेऱ्या मारल्या तरी काटा मध्यावर. मग बहिणीला आखाजीसाठी आणायला धुळ्याला निघालो. गिरणेवरचा बांभोरीचा पूल ओलांडला, विद्यापीठ मागे पडलं, तोवर ठीक होतं. एरंडोलच्या पुढे काटा मध्य सोडून वर चढायला लागला.

अशा वेळी करायचा एक जुना उपाय आहे. एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण उघडायचा. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच; इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, आणि इंजिनाची थोडी उष्णता आपण अंगावर घेतो. मे महिन्यात हीटर लावून पारोळ्यापर्यंत जाणं ही शिक्षा आहे, पण इंजिन वाचतं. मी हीटर लावला. आलेली हवा बाहेरच्या वाऱ्याइतकीच गरम होती, तिच्यात इंजिनाची धग नव्हती. ही मेहेरबानी नव्हे. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून गरम हवा येत नाही, याचा अर्थ हीटरपर्यंत पाणी पोचतच नाही.

गाडी सावलीला लावून बोनेट उघडलं. बाजूची पांढरी प्लॅस्टिकची बाटली, म्हणजे कुलंटची राखीव टाकी, पाहिली. हिरवी पातळी बरोबर वरच्या रेघेला. थेंबभर कमी नाही. रेडिएटरचं टोपण तापलेल्या गाडीत उघडायचं नसतं. दाबाखालचं पाणी मोकळं झालं की वाफेचा फवारा तोंडावर येतो, आणि त्यानं होरपळलेले हात आणि चेहरे आमच्याकडच्या प्रत्येक गॅरेजवाल्यानं पाहिलेले आहेत. तेव्हा थांबत थांबत, गाडी निववत धुळे गाठलं आणि तसाच जळगावला परत आलो.

गॅरेजात पुन्हा गेलो तेव्हा एकेक करून संशयित बदलत गेले. आधी टोपणाची स्प्रिंग ढिली म्हणून नवं टोपण. मग पंख्याचा स्विच. मग मालकानं आवाज खाली आणून सांगितलं, "काका, हेड गॅस्केट असू शकतं." हेड गॅस्केट हे शब्द ऐकल्यावर गाडीवाल्याच्या मनात हिशेब सुरू होतो: हेड उतरवणं, लेथवर नेऊन घासणं, व्हॉल्व्ह, ऑइल, मजुरी. शंका काढावी म्हणून विचारलं की पाणी कमी होतंय का कुठे? तिथल्या पोरानं बोनेटखाली बोट दाखवलं. "बघा ना काका, बाटली लाइनवर आहे. पाणी कुठेच जात नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. बाटलीतली पातळी इकडची तिकडे झाली नव्हती. आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच होती, कारण धडधाकट गाडीत ती पातळी हलली पाहिजे.

हे कसं, ते समजायला टोपणापाशी जावं लागतं. रेडिएटरचं टोपण नुसतं झाकण नाही, तो दुहेरी व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या दाबापर्यंत स्प्रिंग पाणी आत दाबून धरते. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११८-१२० पर्यंत तग धरतं. कुलंट मिसळलं असेल तर आणखी थोडं. पाणी तापलं की फुगतं. चार लिटरच्या यंत्रणेत ही वाढ साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटरची असते. हे जादा पाणी टोपणाची स्प्रिंग उचलून एका बारीक नळीतून बाटलीत जातं. गाडी बंद केली, इंजिन निवलं, की पाणी आकसतं, रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते, टोपणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीत गेलेलं पाणी त्याच नळीतून परत ओढलं जातं. म्हणून बाटलीवर दोन रेघा असतात. गरम असताना पातळी वर, थंड झाल्यावर खाली.

परत ओढताना हवा न येता पाणीच यावं, यासाठी नळीचं बाटलीतलं टोक तळाशी बुडालेलं पाहिजे. म्हणून बाटलीच्या झाकणावर दोन तोट्या असतात. एका तोटीला आतून लांब नळी जोडलेली असते, ती तळापर्यंत जाते. बाहेरून ती रेडिएटरला जोडायची. दुसरी तोटी आखूड, झाकणाच्या आतच संपणारी; तिला बाहेरून लावलेली नळी बंपरखाली मोकळी सोडायची, हवा आतबाहेर व्हायला आणि बाटली ओसंडलीच तर पाणी रस्त्यावर जायला. बाहेरून पाहिलं तर दोन्ही तोट्या सारख्याच जाडीच्या, दोन्ही नळ्या सारख्याच काळ्या. अदलाबदल केली तरी दोन्ही घट्ट बसतात, क्लिप लागते, कुठे गळत नाही.

आता अदलाबदल झाली तर काय होतं ते पाहा. इंजिन तापतं, जादा पाणी आखूड तोटीतून बाटलीत वरून पडतं. झाकण घट्ट असल्यामुळे आत दाब वाढतो, आणि जेवढं पाणी आलं तेवढंच तळातून लांब नळीनं रस्त्यावर फेकलं जातं. पातळी जशीच्या तशी. रात्री इंजिन निवतं, रेडिएटर परत ओढायला लागतो, आणि आखूड तोटीतून त्याला पाण्याऐवजी हवा मिळते. पातळी पुन्हा जशीच्या तशी. गेलेलं पाणी रस्त्यावर, आलेली हवा इंजिनात. ती सगळी हवा टोपणाखाली जमून निघून गेली असती तरी एकवेळ चाललं असतं; पण काही पाण्याबरोबर फिरते, काही हेडच्या कोपऱ्यात अडकते. जिथे हवा अडकली तिथे धातूला पाणी लागत नाही, आजूबाजूचं पाणी उकळतं, वाफ धरते आणि ती वाफ आणखी पाणी बाहेर ढकलते. हीटर उंचावर, म्हणून तो आधी कोरडा पडतो. तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती हवा आली तर काटासुद्धा खोटं बोलतो. एवढं सगळं होईपर्यंत बाटली रेघेवर उभी राहून सगळं ठीक असल्याचं सांगत असते.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. आखाजी आटोपून बहिणीला धुळ्याला पोचवायला गेलो तेव्हा गाडीनं वाटेत तेच नखरे केले. धुळ्यातल्या देवपुरात पोचल्यावर दाजींनी पारोळा रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्तऱ्याकडे नेलं. पत्र्याची शेड, समोर निंबाचं झाड, शेजारी वेल्डिंगवाला. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी बोनेट उघडलं, वरच्या होजवर दुरूनच हात धरून धग पाहिली आणि बोनेट परत खाली टाकलं.

"आते काहीच पाहानं नही. गाडी ठेवी जा. थंडी व्हवू द्या, मंग पाहू."

म्हटलं, संध्याकाळपर्यंत होईल का? तर म्हणाले, सकाळी या. चालू करून दाखवू का, एक चक्कर मारू का, असं विचारलं तर मान हलवली. जळगावात दर वेळी पहिलं काम हेच झालं होतं: इंजिन चालू करा, रेस द्या, काटा बघा. नानांना चालू इंजिनात रस नव्हता.

सकाळी ऊन चढायच्या आत गेलो. रात्रभर निवलेल्या रेडिएटरचं टोपण नानांनी फडक्यानं धरून फिरवलं. फुसकन आवाजसुद्धा झाला नाही. बोट आत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि कोरडं बाहेर आलं. मग बाटलीकडे पाहिलं. हिरवी पातळी वरच्या रेघेला.

"बाटली भरेल शे, पन पेटमा पानी नही," असं म्हणून त्यांनी बाटलीचं झाकण फिरवून वर उचललं. झाकणाच्या आत एका तोटीखाली लांब नळी लोंबत होती, तिच्या टोकावरून हिरवा थेंब गळत होता. नानांनी बाहेरच्या बाजूनं त्याच तोटीवरची काळी नळी दोन बोटांत धरली आणि ती जाते कुठे ते बघत हात खाली नेला. हात बंपरखाली, जमिनीकडे गेला. पुढचं त्यांनी मला करून दाखवलं. झाकण परत घट्ट लावलं, रेडिएटरच्या गळ्यापाशी असलेली नळी उपटली आणि तिच्यात तोंडानं हलकेच फुंकर मारली. बाटलीत बुडबुडा आला नाही. बंपरखाली मात्र हिरव्या थेंबांची रांग मातीत पडली. "फुकायचं," ते म्हणाले, "ओढायचं कधी नही." कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोडसर आणि पोटात गेलं तर विष.

"कोनी लायी हाई नळी?" एवढंच विचारलं, उत्तराची वाट पाहिली नाही. पक्कड घेऊन दोन्ही क्लिपा सरकवल्या, नळ्या उपटल्या, जागा बदलून बसवल्या. पुन्हा फुंकर. बाटलीत तळातून गुडगुड करत बुडबुडे वर आले. बंपरखाली काही पडलं नाही. दुरुस्ती एवढीच. नवा भाग एकही लागला नाही, कारण खराब असा भाग एकही नव्हता.

नंतरचं काम जास्त वेळाचं होतं आणि ते त्यांनी सावकाश केलं. रेडिएटरमध्ये कुलंट ओतलं, लिटरभराहून जास्त मावलं. टोपण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, हीटरचा खटका गरमकडे पूर्ण फिरवला, कारण तो बंद असेल तर काही गाड्यांत हीटरमधली हवा अडकून राहते. वरचा होज हातानं दाबत राहिले, गळ्यातून बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली की पुन्हा ओतलं. हीटरमधून कढत हवा यायला लागली तेव्हा पहिल्यांदा समाधानानं हुं केलं. पंखा आपसूक लागून बंद झाला, पुन्हा लागून बंद झाला, मग टोपण लावलं. बाटलीवर पातळीला मार्करनं रेघ ओढली. "चक्कर मारा, पानी वर जायी. सकाय खाले येई. तसं व्हयनं तं झायं." मजुरी त्यांनी रोखठोक घेतली, गाडी रात्रभर शेडमध्ये उभी होती त्याचेही धरून. ती द्यायला काहीच वाटलं नाही; गाडी उभी ठेवणं हेच तर त्यातलं अर्धं काम होतं.

हे चाललं असताना शेजारचा वेल्डर गॅसकटर जोडत होता. त्याच्याकडे दोन नळ्या, एक निळी, एक लाल. निळी ऑक्सिजनची, लाल ॲसिटिलीनची. ॲसिटिलीनच्या नटाचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवले की बसणारे, आणि ओळखू यावा म्हणून त्या नटाच्या कडांना खाचा पाडलेल्या असतात. अंधारात, घाईत, दारू पिऊनसुद्धा लाल नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला बसत नाही. तिथे चुकीला जागाच ठेवलेली नाही. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात कारखान्यांसाठी हाच विचार पद्धतशीर मांडला: माणसाला सावध राहा म्हणून सांगत बसण्यापेक्षा चुकीची जोडणी बसणारच नाही असा भाग घडवा. बाटलीच्या झाकणावरच्या दोन तोट्या वेगळ्या जाडीच्या केल्या असत्या तर कंपनीला फारसा खर्च आला नसता. ज्या चुकीत स्फोट होतो तिथे उलटे आटे येतात. ज्या चुकीत फक्त गाडीवाल्याचं इंजिन जातं तिथे दोन सारख्या तोट्या राहतात.

पण सगळं खापर तोट्यांवर फोडणंही बरोबर नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, गिरणेच्या जामदा कालव्यावर. आवर्तन सुटलं की मुखाजवळ किती पाणी सोडलं त्याची नोंद वहीत व्हायची आणि ती वर जायची. वडील मात्र सायकल काढून शेपटाकडे जायचे. शेपट म्हणजे चारीचा शेवट, जिथला शेतकरी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी पाणी बघतो. वरच्या गेजवर पाणी पट्टीला लागलेलं असायचं आणि खाली चारी कोरडी, कारण मध्ये कुठेतरी बांध फुटलेला किंवा कुणीतरी रात्रीतून दार उचललेलं. नोंदवहीत आवर्तन पूर्ण. वडील घरी आले की आई विचारायची, "सुटलं का पाणी?" ते म्हणायचे, "सुटलं. पोचलं का ते उद्या सांगतो." बाटलीची रेघ बघून गाडी ठीक आहे म्हणणं हे वरचा गेज बघून आवर्तन पूर्ण झालं म्हणण्यासारखंच आहे.

खानदेशाला हे नव्यानं शिकायची गरज नव्हती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बांध घालून पाटानं पाणी फिरवणारी फड पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे. त्यात शेतकऱ्यानं आपल्या मनानं पाणी घ्यायचं नाही. पाणी देण्यासाठी पाटकरी नेमलेला असायचा, गावानं ठेवलेला आणि गावाला जबाबदार. त्याचं काम दार उघडल्यावर संपत नसे, शेवटचा वाफा भिजल्यावर संपे. १८८४ साली सरकारी नोकरीत आलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याकडचं होतं: पांझरेच्या परिसरात कालव्याचं पाणी नाल्याखालून नळानं पलीकडे नेणारा सायफन. सायफनमध्ये नळ मातीखाली गाडला जातो, सांधे दिसत नाहीत, आत काय चाललंय ते वरून कळत नाही. पलीकडच्या तोंडातून पाणी बाहेर आलं तरच काम झालं. जळगावला भवरलाल जैन यांच्या उद्योगामुळे पीव्हीसी पाइप आणि ठिबक घराघरांत पोचलं. आमच्याकडचा केळीवाला शेतकरीसुद्धा नवं ठिबक लावलं की मोटर सुरू करून आधी कुठे बघतो? फिल्टरवरच्या दाबमापकाकडे नव्हे. ओळीच्या शेवटच्या ड्रिपरकडे. तो थेंब टाकत असेल तर सगळी ओळ ठीक. जिल्ह्यातल्या ज्या माणसांना पाण्याची ही रीत अंगवळणी पडलीय, त्यांचीच पोरं गॅरेजात काम करतात. मग बाटलीपाशी ही रीत का सुटते?

याचं उत्तर मला जळगावच्या गॅरेजात परत गेल्यावर मिळालं. भांडायला गेलो नव्हतो, सांगायला गेलो होतो. मालकानं त्या पोराला हाक मारली. पोरगं वीस-बावीसचं. त्यानं दुसऱ्याच एका गाडीच्या बाटलीचं झाकण उघडून आत पाहिलं, लांब नळी बोटानं चाचपली आणि म्हणाला, "आत अशी नळी असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेरून ज्या नळ्या जिथे पोचल्या तिथे लावल्या." ते खोटं बोलत नव्हतं. रेडिएटर उतरवताना सगळ्या नळ्या सुटल्या, बसवताना ज्या सहज पोचल्या तशा बसल्या. मग इंजिन सुरू केलं, गळती बघितली, नाही. काटा बघितला, मध्यावर. पंखा लागला. गाडी धुतली, फोन केला, गाडी गेली. या चाचणीत चूक सापडणं शक्यच नव्हतं. ही चूक इंजिन चालू असताना घडत नाही, ते बंद करून निवायला लागल्यावर घडते, आणि तेव्हा गाडी गॅरेजात नसते. ती गिऱ्हाइकाच्या अंगणात असते, दार लावलेलं, घरातली माणसं झोपलेली. रेडिएटर तेव्हा हवा ओढत असतो.

आमच्या सगळ्याच कामांची तपासणी अशी अर्धी असते. यंत्र चालू केलं, चाललं, पास. जे बंद झाल्यावर, निवल्यावर, माणसं गेल्यावर घडतं त्याकडे बघायला कुणाला वेळ नाही, कारण त्याला घाई चालत नाही. गॅरेजवाल्यालाही दोष कसा द्यावा? गिऱ्हाईक सकाळी गाडी टाकतं आणि दुपारपासून फोन करायला लागतं. रात्रभर ठेवून सकाळी बघतो म्हणणारा मिस्तरी आपल्याला आळशी वाटतो, संध्याकाळी चावी हातात देणारा हुशार. नानांकडे गर्दी नव्हती त्याचं कारण कदाचित हेच असेल. जळगावच्या त्या मालकाला एवढं सांगितलं की नळी काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढायला लावा. त्यानं मान डोलावली, आणि पोरानं माझ्यासमोरच पुढच्या गाडीचा फोटो काढला. तेवढं तरी झालं.

वाचकांना माझं सांगणं थोडक्यात आहे. तुमच्या गाडीचं रेडिएटर, होज, पंप, थर्मोस्टॅट यातलं काहीही गॅरेजात उघडलं गेलं असेल, तर घरी आणल्यावर एक लांब चक्कर मारा आणि गाडी उभी करताना बाटलीच्या पातळीला रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी लावण्याआधी, पातळी पाहा. ती खाली गेलेली असली पाहिजे. तशीच असेल तर गार इंजिनावर फडक्यानं रेडिएटरचं टोपण उघडा. पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. काही नव्या गाड्यांत रेडिएटरला टोपण नसतं, दाबाची टाकीच असते. तिथेही गार असतानाच पाहा, गरम असताना हात लावू नका. इंजिन तापलेलं असताना हीटर गार वाटला तर गाडी तिथेच थांबवा, पुढच्या गावापर्यंत रेटू नका. आणि एखादा मिस्तरी गाडी रात्रभर ठेवा म्हणाला तर ठेवा, त्याचे पैसेही द्या. दुरुस्तीचं बिल संध्याकाळी भरायला हरकत नाही. दुरुस्ती झाली की नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरतं.